चालून आल्यावर जादा खावे काय?



वजन उतरवायचे म्हणून हल्ली पुष्कळ माणसे चालू लागली आहेत. सोलापुरात सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे जाऊन पाहा. खेड्यात फाट्यापर्यंतच्या सडकेवर पाहा. कानाला मफलर बांधलेले म्हातारे, पदर खोचून झपझप चालणाऱ्या बाया, नुकतेच लग्न झालेली पोरे, सगळी दिसतील. कोणाला डॉक्टरांनी सांगितलेले असते, कोणाला साखरेचे दुखणे निघालेले असते, कोणाचे गुडघे दुखत असतात.

चालून आले की भूक लागते. मग मनात येते, एवढे चाललो, एवढा घाम गाळला, तर अंगातले जेवढे जळले तेवढे खाऊन भरून काढावे काय? की भूक मारून तसेच बसावे?

घरोघर याची दोन उत्तरे मिळतात. आजी म्हणते, "अंगाला शीण झालाय, खा की लेकरा." शेजारचा शहाणा म्हणतो, "दुपारपर्यंत पाण्यावर राहायचं." दोघांचेही अर्धे बरोबर आणि अर्धे चूक आहे. वजन उतरवणाऱ्याने साध्या चालण्याच्या बदल्यात जादा खाऊ नये, असे आमचे मत आहे. पण ज्याचे काम खरोखर अंगमेहनतीचे आहे, त्याने खाल्लेच पाहिजे. असे का, ते हिशेबाने पाहू. हिशेब सोपा आहे. बेरीज, वजाबाकी आणि थोडा गुणाकार येत असला म्हणजे पुरे.

दुकानदाराच्या वहीत जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. अंगाचेही तसेच आहे. खाल्ले ते जमा, वापरले ते खर्च. जमा जास्त झाली की शिल्लक चरबी होऊन पोटावर, कमरेवर साठते. खर्च जास्त झाला की ती शिल्लक मोडावी लागते, म्हणजे वजन उतरते. धान्य आपण किलोत मोजतो आणि दूध लिटरात. तशी अन्नातली शक्ती कॅलरीत मोजतात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी ऊब लागते, ती आहाराची एक कॅलरी. दोन चमचे साखर घातलेल्या एका कप चहात सत्तर-पंच्याहत्तर कॅलरी असतात. म्हणजे एवढ्याशा चहात एक लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी शक्ती असते. चहा पिताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. पुष्कळांना वाटते, खर्च फक्त काम करताना होतो. तसे नाही. आपण गाढ झोपलो तरी काळीज चालू असते, श्वास चालू असतो, अंग गरम राहते. नुसते बसून राहिले तरी माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतो. साठ किलोच्या माणसाचा असा बसल्या जागेचा खर्च दिवसाला चौदाशेच्या घरात जातो. त्यावर उठणे, फिरणे, काम करणे याचा खर्च चढतो.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कोणाला किती अन्न लागते ते ती ठरवून देते. तिच्या २०२० सालच्या तक्त्यात बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी आणि जड अंगमेहनत करणाऱ्याला ३४७० कॅलरी दिल्या आहेत. ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामात १६६० आणि जड कामात २७२० लागतात. या दोन आकड्यांतले अंतर मोठे आहे. पुरुषाच्या बाबतीत ते १३६० कॅलरी होते. ज्वारीच्या पाच-सहा भाकरी झाल्या.

आणि हेच अंतर आपल्या जिल्ह्याने गेल्या दोन पिढ्यांत गमावले. आपली आजी पहाटे उठून जाते ओढायची. आज दळण गिरणीत जाते. आजोबा औताच्या मागे दिवसभर चालायचे. आज ट्रॅक्टर येऊन दोन तासांत रान नांगरून जातो. विहिरीचे पाणी खांद्यावरून यायचे, ते आता नळाला येते. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. जाते ओढून ज्यांच्या हाताला घट्टे पडले त्यांना विचारा, परत जाते पाहिजे का म्हणून! पण खर्च कमी झाला आणि ताट मात्र आजोबांचेच राहिले. उलट ताटात तेल आणि साखर वाढली. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. सूप मांडीवर घेऊन आठ-आठ तास एका जागी बसायचे. बोटे दुखतात, पाठ मोडून येते, संध्याकाळी जीव दमून जातो. पण दमणे निराळे आणि चरबी जळणे निराळे. या कामाचा खर्च बैठ्या कामाचाच धरावा लागतो.

आता चालण्याचा हिशेब करू. सत्तर किलोचा माणूस सपाट रस्त्याने साध्या चालीने एक किलोमीटर चालला, तर त्या वेळात सुमारे पन्नास कॅलरी जळतात. पण थांबा. त्यातल्या पंधरा तर तो ओट्यावर बसून राहिला असता तरी जळाल्या असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई पस्तीस-चाळीसची. झपझप चालला तर थोडी जास्त, वजन कमी असेल तर थोडी कमी.

तीन किलोमीटर साधे चालून आलेल्या विडी कामगार मावशींचे उदाहरण घ्या. मावशींचे वजन साठ किलो. कमाई झाली शंभराच्या आसपास. घरी आल्यावर एक कप गोड चहा आणि चार बिस्किटे घेतली. चहाचे सत्तर, बिस्किटांचे ऐंशी-नव्वद. दीडशेच्या वर गेले. चालायला पाऊण तास लागला, भरायला पाच मिनिटे. मावशी म्हणतात, "गुरुजी, रोज चालायलेय की, पण काटा हलायला तयार न्हाई!" काटा कसा हलेल? जमेची बाजू खर्चाच्या पुढे पळाली.

शेंगदाण्याचेही असेच आहे. आपल्या सोलापूरची शेंगाचटणी सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली. आम्हालाही प्रिय आहे. शेंगदाणा हे चांगले अन्न आहे यात शंका नाही. पण मूठभर म्हणजे तीस ग्रॅम दाण्यांत एकशेसत्तर कॅलरी असतात. चालून येऊन कट्ट्यावर गप्पा मारत दोन मुठी दाणे खाल्ले, की आठ-नऊ किलोमीटरची चाल पोटात परत गेली. वडापाव खाल्ला तर त्यात तीनशेच्या घरात जातात. तेलाच्या एका लहान चमच्यात पंचेचाळीस असतात. म्हणजे भाजीत एक चमचा तेल जादा पडले, की एक किलोमीटरहून अधिक चालणे फुकट गेले.

कोणी म्हणेल, हे छोटे हिशेब झाले. माणूस खूपच चालला तर? त्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात दरवर्षी आषाढात पाहायला मिळते. आळंदीहून ज्ञानेश्वर माऊलींची पालखी निघते. धर्मपुरीला ती आपल्या जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपूरला पोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची, दिवस जवळजवळ तीन आठवडे. सत्तर किलोच्या वारकऱ्याचा किलोमीटरला चाळीस कॅलरी असा हिशेब धरा. अडीचशे गुणिले चाळीस, झाले दहा हजार. आणि अंगातली एक किलो चरबी उतरायला सुमारे ७७०० कॅलरी खर्ची पडाव्या लागतात. म्हणजे आळंदी ते पंढरपूर पायी चालून चरबी किती उतरेल? सव्वा किलो! आणि तीही केव्हा, तर वाटेत घरच्यापेक्षा एक घासही जादा खाल्ला नाही तर. वाटेवरची गावे काय वारकऱ्याला उपाशी जाऊ देतात? पिठले-भाकरी, चहा, केळी, लाडू, शिरा, गावोगाव पंगती. माऊलींच्या सेवेत कोणी हात आखडता घेत नाही, आणि घेऊही नये. वारी वजन उतरवायला नसतेच. आम्ही फक्त एवढेच दाखवतो, की एवढ्या मोठ्या चालण्याचा आकडा सव्वा किलो येतो, तर आपल्या तीन किलोमीटरच्या जोरावर किती ऐट करावी!

मग चालूच नये काय? असा उलटा अर्थ कोणी काढू नये. चालण्याने रक्तातली साखर खाली येते, रक्तदाब उतरतो, झोप लागते, गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट होतात. वजन एक किलोनेही उतरले नाही तरी हा फायदा होतोच. चालणे हे औषध आहे. आमचे म्हणणे एवढेच, की त्या औषधाची मजुरी म्हणून वर जेवण मागू नये.

आपल्याकडे एक म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा साठ ग्रॅम, दाण्याचे कूट वीस ग्रॅम, दोन चमचे तूप, वर बटाटा. ताटलीभर खिचडी चारशेच्या वर जाते. उपास केला या समाधानात माणूस दोन ताटल्या खातो आणि वर केळे खातो. व्यायामाचेही असेच होते. काहीतरी चांगले केले असे वाटले, की मन लगेच बक्षीस मागते. यात अंगाची भूक थोडी आणि मनाची फार.

शास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिले आहे. कॅनडा देशात ओटावा येथील विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो २०१० साली छापून आला. निरोगी माणसांना फिरत्या पट्ट्यावर चालवले. मग विचारले, "तुम्ही किती कॅलरी जाळल्या असतील?" त्यांनी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा तिप्पट-चौपट निघाला. मग त्यांच्यापुढे अन्न मांडले आणि सांगितले, "जेवढे जाळले तेवढेच वाढून घ्या." तर त्यांनी दुप्पट-तिप्पट खाल्ले.  अंदाजाने भरून काढायला गेले की जास्तच भरले जाते, ते असे.

हल्ली पोरांच्या मनगटावर घड्याळ असते. पावले मोजते, ठोके मोजते, आणि "आज तुम्ही चारशे कॅलरी जाळल्या" असे सांगते. पोरगे ते घरभर दाखवते आणि आई त्याला तुपाची पोळी वाढते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली अशी सात यंत्रे साठ माणसांच्या हातावर बांधून तपासली. काळजाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. पण कॅलरीत जे सगळ्यात बरे निघाले त्याची चूक सरासरी २७ टक्के होती, आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. दुकानाचा तराजू एवढा चुकला तर आपण दुकानदाराला सोडू काय? पावले मोजायला घड्याळ चांगले. त्याच्या कॅलरीवर भाकरी मात्र वाढू नये.

आणखी एक गंमत आहे. अंग फार काटकसरी आहे. आफ्रिकेत टांझानिया देशात हाड्झा नावाचे लोक आहेत. ते शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला आणि २०१२ साली जाहीर केला. अंगाचे आकारमान हिशेबात घेतले, तर तो अमेरिका-युरोपातल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसापेक्षा वेगळा निघाला नाही! चालण्यात गेले ते अंगाने आत कुठेतरी वाचवले. आपल्याकडेही पाहा. सकाळी चालून आलेला माणूस दुपारी दोन तास आडवा होतो, आणि पाण्याचा तांब्यासुद्धा पोराला आणायला सांगतो. सकाळची कमाई तिथे अर्धी गेली. मग तीच कमाई पूर्ण धरून जेवायला बसणे बरोबर कसे?

आता हिशेबातली एक चूक सांगतो. फार जणांकडून होते. डॉक्टर किंवा आहार सांगणारी ताई विचारते, "काम काय करता?" माणूस सांगतो, "शेतात जातो, शिवाय रोज तासभर चालतो." त्यावरून ती त्याचे काम मध्यम धरते आणि त्या मानाने जेवण ठरवून देते. म्हणजे त्याच्या चालण्याची भाकरी ताटात आधीच आलेली असते. हा पुन्हा चालून आल्यावर म्हणतो, "चालण्याचं निराळं द्या." पगारात धरलेला भत्ता पुन्हा मागण्यासारखे हे झाले. म्हणून आधी विचारून घ्यावे, हे जेवण ठरवताना माझे चालणे धरले आहे काय? धरले असेल तर वेगळे काही खायचे नाही. धरले नसेल, तरी साध्या चालण्यासाठी खायचे नाहीच. ती तूट राहू द्यावी. वजन उतरते ते त्या तुटीतूनच.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत गावोगाव पोचली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून त्यांनी ती पुढे नेली. दिवसातून फक्त दोनदा, खरी भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण उरकायचे. आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. सत्तर किलोच्या माणसाची ही चाल दोनशे कॅलरींच्या आसपास जाते. दोनदाच जेवणे सगळ्यांना मानवते असे नाही, आणि यावर डॉक्टरांत मतभेदही आहेत. पण आमच्या प्रश्नापुरते पाहिले तर या पद्धतीत एक शहाणपण आहे. चालून आल्यावर तोंड उघडायचे दारच तिने बंद केले आहे. चालणे आणि खाणे यांचा सौदा होतच नाही. दोन वेळा जेवणारा माणूस ताटावर मोडून पडला तर मात्र तो नियम त्याला वाचवणार नाही.

मग भूक लागली तर काय करावे? युक्ती सोपी आहे. जेवणाची वेळ सरकवावी, वाटा वाढवू नये. सकाळची न्याहारी चालण्याच्या आधी होत असेल तर ती नंतर करावी. तीच भाकरी, तीच आमटी. आल्या आल्या आधी दोन पेले पाणी प्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा घामाने किलोभर वजन सहज उतरते. ते पाणी असते, चरबी नव्हे. ते परत भरलेच पाहिजे, त्यात हिशेब पाहू नये. पाण्यानंतर पाव तास थांबावे. पुष्कळदा भूक म्हणून वाटली ती तहान निघते. तरी भूक राहिलीच तर काकडी, मुळा, टोमॅटो, पातळ ताक घ्यावे. ताटात मटकी, हुलगे, डाळ, अंडे यांचा वाटा वाढवून भात-साखरेचा कमी केला तर भूक लवकर लागत नाही. आणि स्नायूही टिकतात. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगीच नव्हे. एक भाकरी दोनशे ते अडीचशे कॅलरींची होते, मोठी थापली तर जास्त. भाकरी मोजून खावी आणि चहातली साखर आधी सोडावी.

आता दुसरी बाजू. ती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

ऊस तोडणाऱ्या जोडप्याला कोणी सांगावे की कमी खा, तर तो अपराध होईल. पहाटेपासून कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. हमाल, खोदकाम करणारा, ऐन काढणीत रानात राबणारी बाई, यांचा खर्च वर सांगितलेल्या जड कामाच्या आकड्यातला आहे. त्यांनी जळलेले भरून काढलेच पाहिजे. नाहीतर अंग चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. चक्कर येते, हात थरथरतात, कोयता चुकतो. बायांची पाळी अनियमित होते, केस गळतात. अशा माणसाला वजन उतरवायचेच असेल तर कामाचा हंगाम सोडून उतरवावे, आणि तेही हळूहळू.

इथे बायांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. पुष्कळ घरांत बाई सगळ्यांच्या मागून जेवते. राहिले ते तिचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपासही तीच करते. त्यात कोणी तिला म्हणाले, "जाड झालीस, चालायला जा," तर ती चालतेही आणि खातही नाही. अंगात रक्त कमी, वर ही दुहेरी तूट. दिवसाला बाराशे कॅलरीच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही जाऊ नये. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी तर वजन उतरवण्याच्या नादाला लागूच नये. त्यांना नेहमीपेक्षा जास्त लागते, कमी नव्हे. घरातल्या पुरुषांनी हे वाचले असेल तर आज रात्री ताटे एकदम वाढून घ्यावीत.

साखरेच्या दुखण्याची माणसे ही दुसरी जात. जे इन्शुलिन टोचून घेतात, किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांची साखर चालण्याने एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही त्याची खूण. अशा वेळी वजनाचा विचार मनात आणू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा गुळाचा खडा तेवढ्याच मापाने ताबडतोब खावा, पाव तासाने बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावा, आणि मग काही पोटभरीचे खावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. चालायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. चालणे सुरू करण्यापूर्वी गोळ्यांचे मापही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पैलवानाचे मात्र उलटे. तालमीत जाणारा पोरगा रोज शेकड्यांनी जोर-बैठका काढतो, लढती करतो. त्याला दूध, बदाम, तूप पचते, कारण ते जळते. पण पंचविशीत आखाडा सुटतो, नोकरी लागते, लग्न होते. आखाडा सुटला तरी खुराक सुटत नाही! चाळिशीत त्याच पैलवानाची कंबर पाहवत नाही. खर्च थांबला की जमाही थांबवावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मग आपण कोणत्या बाजूचे, हे कसे ओळखावे? अंदाज करीत बसू नये, काट्याला विचारावे. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. रोज करू नये. रोजचा आकडा पाण्याने वरखाली होतो आणि माणूस उगीच खचतो. महिन्याला दीड-दोन किलो उतरत असेल आणि कामाला उत्साह असेल, तर आहे ते ठीक चालले आहे. जादा खाऊ नये, कमीही करू नये. महिना-दोन महिने काटा जागचा हलला नाही, तर कुठेतरी भरून काढणे चालू आहे, ते शोधावे. बहुतेक वेळा ते चहात, शेवेच्या पुडीत आणि पोरांच्या ताटातल्या उरलेल्या घासात सापडते. आणि महिन्याला चार किलोहून जास्त उतरू लागले, थकवा वाटू लागला, चक्कर आली, तर मग चालण्याच्या दिवशी एक भाकरी आणि वाटीभर डाळ जरूर वाढवावी. आपल्या अंदाजाने जेवढे जळले वाटते, त्याच्या निम्मेच भरावे. कारण अंदाज फुगलेला असतो हे वर पाहिलेच. न खाताच वजन उतरत असेल, किंवा खाऊनही उतरत असेल, तर तो आजार असू शकतो. तपासून घ्यावे.

काटा जवळ नसेल तरी अडत नाही. आपल्या लोकांची चरबी पोटावर जास्त साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली! म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नये. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे आपल्या देशासाठी ठरवले आहे. शिंप्याकडची टेप नसेल तर सुतळी घ्यावी. सरळ उभे राहून, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीला ती पोटाभोवती धरावी, आवळू नये. दोन टोके मिळतील तिथे गाठ मारावी आणि सुतळी खुंटीला अडकवून ठेवावी. महिन्याने तीच सुतळी पुन्हा लावून पाहावी आणि टोके गाठीच्या किती आत येतात ते बोटाने मोजावे.